भुताने हलवलेला पाळणा

८ फेब्रुवारी १९६४, शनिवार. सकाळी थंडी, दुपारी ऊन, संध्याकाळी वारा पडलेला. वारा पडलेला होता हे मुद्दाम सांगतो, कारण त्या संध्याकाळी सगळ्या गावाने मला आपोआप हलताना पाहिले.

मी एक पाळणा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे सागवान, संग्रामपूरच्या सुताराचे हात आणि खामगावच्या बाजारातल्या चार लोखंडी साखळ्या, असा माझा जन्म. पिंपळगाव राजाजवळच्या एका लहान गावात, पुष्पाबाईंच्या ओसरीत मी राहतो. त्यांचा मुलगा माणिकराव माझ्यात वाढला. तो मोठा होऊन वांग्यांच्या वाफ्यांना पाणी देऊ लागला, त्याचे लग्न झाले, आणि मी टांगलेलाच राहिलो.

पण रिकामा कधी नाही. रिकामा पाळणा हलला तर घरातल्या लेकराला बाधतो, असे पुष्पाबाई मानतात. म्हणून त्यांनी बारशाला ठेवतात तसा एक वरवंटा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, माझ्यात निजवून ठेवला होता. वाऱ्याने हललो तरी माझ्यात कुणीतरी झोपलेले असायचे.

पुष्पाबाईंचे धाकटे दीर कडूबा. ते दिवसभर मळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे आणि बांधता बांधता नाटक रचायचे. ‘तिन्हीसांजेची आई’ हे त्यांचे नाटक. बाळंतपणात मेलेली आई रोज दिवेलागणीला येते आणि आपल्या तान्ह्याचा पाळणा हलवते. घरचे लोक भगत बोलावतात. भगत लोखंडी खिळ्यांचे रिंगण घालून तिला अडवतो, पण शेवटी चिमटा खाली ठेवून तिच्यापुढे हात जोडतो. आईचे काम मोतीराम करायचा, आणि भगताचे इंद्रभान. इंद्रभान नुसता खाकरला तरी लोक हसायचे.

या नाटकासाठी कडूबांनी मला मागितले. पुष्पाबाईंनी एकच अट घातली, वरवंटा काढायचा नाही.

खेळाच्या त्या संध्याकाळी माझ्या पायाला काळा दोरा बांधलेला होता आणि पडद्यामागून स्वतः कडूबा तो ओढत होते. मला हे ठाऊक होते. तरी गॅसबत्तीच्या उजेडात साखळ्या किणकिणल्या आणि समोरचे सगळे गाव श्वास धरून बसले, तेव्हा माझ्याही लाकडातून काहीतरी सरसरत गेले. दोरा सैल पडल्यावरही वरवंट्याच्या वजनाने मी संथ हलत राहिलो. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या सोजराबाईंनी माझ्यापुढे पदर पसरला. एका लाकडाच्या वाट्याला एवढे यावे, हे मला अजून पेलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीत माणसे येऊ लागली. निमित्त वांग्यांचे, काम माझ्याकडे. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी केलेले महादेवराव आले. त्यांनी चष्मा पुसला, माझी एक साखळी दोन बोटांनी उचलली आणि विचारले, “कडूबा, हे काय आहे?”

“साखळी.”

“कायची?”

“लोखंडाची.”

“भूत लोखंडाले शिवते का?”

कडूबांच्या हातातली जुडी सुटली.

महादेवरावांचे म्हणणे सरळ होते. खिळ्यांच्या रिंगणाशी जी अडते, ती लोखंडी साखळ्यांचा पाळणा हलवते कशी? एक तर खिळे खोटे, नाहीतर पाळणा खोटा. मोतीराम म्हणाला, ती साखळीला नाही, लाकडाला हात लावते.

“मंग लाकूड कायले लटकून राह्यलं बे? तुह्या मिशीले?”

मोतीरामची मिशी नाटकापायीच गेली होती. तो आठ दिवस महादेवरावांशी बोलला नाही.

मग गावात दोन पक्षच पडले. विहिरीवर मोट थांबवून माणसे भांडू लागली. पिठाच्या गिरणीत दळण बाजूला राहिले. मेलेल्या बाईची सावली पडते का, तान्ह्याला ती दिसते तर नाटकातल्या सावत्र आईला का दिसत नाही, असे एकेक प्रश्न ओसरीत येऊन पडायचे. माणसे खोट्या गोष्टीवर इतकी खरी भांडतात, हे बघून मी थक्क व्हायचो. एकदा सोजराबाई मिरच्या घ्यायला आल्या होत्या. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “तुमी माणसं लोखंडच पाहा. थे माय आहे. मायले लोखंड लागते काय?”

आणि मिरच्या पदरात घेऊन त्या निघून गेल्या. पण कडूबांच्या मनातून महादेवरावांची साखळी काही सुटली नाही.

त्यात इंद्रभानचा भगत लोकांना इतका आवडला, की भगताचे वेगळे नाटक हवे असा आग्रह सुरू झाला. कडूबांनी ‘भगताचा फेरा’ लिहिले. या वेळी एकही फट ठेवायची नाही असे त्यांनी ठरवले. रोज नवे पान ते महादेवरावांना वाचून दाखवायचे आणि महादेवराव बोट ठेवतील तिथे बदलायचे. माझ्या साखळ्या निघाल्या आणि अंबाडीचे दोर आले. भूत कुठे अडते, का अडते, हे सगळे भगत स्वतः उभा राहून सांगणार होता.

याच दिवसांत घरात एक गोष्ट घडली. माणिकरावची बायको शालूबाई, लग्नाला कितीतरी वर्षे झाल्यावर, पहिल्यांदा गरोदर राहिली. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचे होते. पुष्पाबाई रोज माझ्यावरून फडके फिरवू लागल्या. मला नाटकाला देताना त्या कडूबांना पुन्हा म्हणाल्या, “भावजी, ध्यानात आहे ना?” कडूबा म्हणाले, “हाव वहिनी.”

पुढच्या फेब्रुवारीत खेळ लागला. जमला तर पिंपळगावच्या यात्रेत बोलवू, असे सांगून तिथली मंडळी बघायला आली होती. पोटुशी बाईने भुताचे नाटक बघू नये, असे बाया म्हणाल्या होत्या. पण हा भगताचा खेळ, यात भिण्यासारखे काही नाही, म्हणून शालूबाईही पुढे येऊन बसली.

भिण्यासारखे खरेच काही नव्हते. भगत समजावून सांगत होता आणि लोक जांभया देत होते. इंद्रभान खाकरला, तेव्हा कुणी हसले नाही.

मग माझा प्रवेश आला. नाटकातला तान्हा आता शाळेत जाऊ लागला होता. तालमीत महादेवरावांनी विचारले होते, पोरगे शाळेत, तर मग पाळण्यात कोण झोपले आहे? प्रश्न बरोबर होता. कडूबांना तो इतका पटला, की पडदा उघडण्याआधी त्यांनी वरवंटा उचलून बाजूला ठेवला. अट त्यांना आठवलीच नाही.

दोरा ओढला गेला. वजन नसल्यामुळे मी हिसका खाऊन तिरपा फिरलो आणि माझी रिकामी कूस सगळ्यांसमोर आली.  शालूबाईने पोटावर हात ठेवला.

पुष्पाबाई उठल्या. सावकाश वर चढल्या, माझ्या काठावर हात ठेवून मला थांबवले आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, “भावजी, दोरा सोडा.”

सगळ्या गावाने ते ऐकले. दोऱ्याचे वर्षभराचे गुपित उघडे पडले आणि एकही माणूस हसला नाही. कडूबा दोरा हातात घेऊन बाहेर आले. त्यांना मान वर करता येईना.

तेवढ्यात महादेवराव उठून वर आले. खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी तिची तान्ह्याएवढी घडी केली आणि ती माझ्यात निजवली.

कडूबा हळूच म्हणाले, “महादेवराव, पोरगं तं शाळेत गेलं ना. पाळण्यात कोन आहे?”

“कोनी असो,” महादेवराव म्हणाले. “रिकामा नको.”

पुष्पाबाईंनी मला आपल्या हाताने हलवले. या वेळी मला हलवणारा हात सगळ्यांना दिसत होता. तरी खाली सोजराबाईंनी पदर पसरला, आणि त्यांच्यामागे एकेक करून साऱ्या बायांनी पसरला. मी निर्जीव आहे असे त्या वेळी मलाही वाटले नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल, तर त्यात काहीतरी निजवून ठेवा, एवढेच मागतो.

‘भगताचा फेरा’ पुन्हा झाले नाही. पिंपळगावच्या यात्रेत ‘तिन्हीसांजेची आई’ झाले. कडूबांनी माझे दोर काढून साखळ्या परत लावल्या आणि वरवंटा पुन्हा माझ्यात निजवला.

१९ मार्च १९६५, शुक्रवार. सकाळी ढग, दुपारी आभाळ मोकळे. शालूबाईला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी वरवंटा बाहेर काढला आणि तिला माझ्यात ठेवले.