बदली तासांची वही

पर्यवेक्षिका होऊन बाईंना सहाच आठवडे झाले होते, पण तेवढ्यात शाळेतल्या शिक्षकांना जितके आजार जडले, तितके त्यांनी अठरा वर्षांत पाहिले नव्हते. गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर मोकळ्या शिक्षकाला पाठवायचं, बदली तासांच्या वहीत नाव लिहून सही घ्यायची, एवढंच काम. पण त्या वही घेऊन स्टाफरूमच्या दारात दिसल्या, की चित्रकलेच्या सरांचा घसा बसायचा, इतिहासाच्या बाईंना तपासायचे पेपर आठवायचे आणि विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत असे गडप व्हायचे, की घंटा झाल्याशिवाय दिसायचे नाहीत. मग भिडेपोटी बाई स्वतःचंच नाव लिहून टाकायच्या. घसा खरोखर बसला होता तो त्यांचा.

शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिकांनी वही चाळली.

"आठवड्यात बदलीचे अकरा तास, त्यातले नऊ तुमचे? पर्यवेक्षिका केलंय तुम्हाला, स्टेपनी नव्हे. असंच चाललं तर सोमवारपासून सातवी 'ब'चं गणित काढून घेते."

सातवी 'ब' हा बाईंचा उरलेला एकुलता एक वर्ग. बढती घेताना तेवढा त्यांनी हट्टाने ठेवून घेतला होता.

आणि नेमक्या त्याच दिवशी, त्यांच्या सातवीच्याच तासाला, आठवीवर कोणी नव्हतं. मोकळी होती फक्त त्यांची मैत्रीण. गणिताचीच. अठरा वर्षं दोघी एका टेबलावर डबा खात आलेल्या.

"माझं नाव लिहिलंस?" मैत्रिणीने मान वर न करता विचारलं.

"लिहिलं."

"पेनाने?"

"पेनानेच."

"पेन्सिलीने तरी लिहायचंस गं. खोडता आलं असतं." सही करून तिने वही सरकवली. "निघते, मॅडम."

अठरा वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच मॅडम म्हणाली.

बाई सातवीवर गेल्या. अपूर्णांकांचा भागाकार. पण कान भिंतीपलीकडे. सहावीत गोंधळ का? कुणाचा तास आहे? जिन्यावर कोण धावतंय?

"बाई, बरोबर आहे का?" फळ्यापाशी खडू धरून एक मुलगी उभी होती. "तिसऱ्यांदा विचारतेय."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. तिने दुसऱ्याऐवजी पहिलाच अपूर्णांक उलटा केला होता. एरवी ही चूक त्यांनी खडू टेकायच्या आत पकडली असती.

घंटा झाल्यावर त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"सातवी 'ब' काढून घ्या."

"अहो, आज तर वही व्यवस्थित आहे!"

"वही आहे. मी नव्हते वर्गात."

मैत्रीण जिन्यात भेटली.

"सोमवारपासून सातवी 'ब' तुझी."

"सूड उगवतेस होय?"

"तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवतं इथे?" बाई कठड्याला टेकल्या. "भागाकारात अडकलेत. पहिलाच अपूर्णांक उलटा करतात."

मैत्रीणही शेजारी कठड्याला टेकली.

"कोण कोण?"

"खिडकीजवळची दोघं. आणि पुढच्या बाकावरची ती, सारखी विचारते. तिला ताटकळत ठेवू नकोस."