बिनघोड्याची बग्गी

मी एक बग्गी. थांबा, लगेच घोडा शोधू नका. मला घोडा नाही, कधीच नव्हता, आणि त्या नसलेल्या घोड्यावरून केवढं रामायण झालं तेच तर तुम्हाला सांगायला बसले आहे. बसले म्हणजे उभीच आहे, धारूरच्या डोंगरात, आप्पांच्या वस्तीवर, लिंबाच्या सावलीत. पण गप्पा मारताना बसले असंच म्हणायची पद्धत आहे.

माझा जन्म परळीचा. स्टेशनच्या मागच्या अंगाला ख्वाजा मिस्त्रींचं गॅरेज आहे, तिथला. जन्म म्हणजे काय, चार-पाच मेलेल्या गाड्यांची हाडं गोळा करून मला उभं केलं. इंजिन शाळेच्या जुन्या व्हॅनचं. त्यामुळं सकाळी सात वाजता मी एकदम तरतरीत असते आणि रविवारी सुरू व्हायला कुरकुर करते. स्टिअरिंग वडाप करणाऱ्या जीपचं. रस्त्याच्या कडेला दोन माणसं उभी दिसली की ते आपोआप तिकडं ओढ घेतं. भोंगा उसाच्या ट्रकचा, सांगाडा बोअरच्या पायपांचा, आणि मागची सीट भंगारात निघालेल्या एसटीची. तिच्यावर कुणीतरी खिळ्यानं कोरलेला बदाम आणि त्यात घुसलेला बाण अजून आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझे तर सगळे भाग मेलेले होते, तरी एकाचीही खोड गेली नाही.

मला बनवलं आफ्रीननं. ही मिस्त्रींची एकुलती एक लेक. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेली. हात असा की नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगेल. पण गिऱ्हाईक दारात यायचं, तिला बघायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री आल्यावर येतो." आणि मिस्त्रींची नजर तर वेल्डिंग करून करून गेलेली. चष्मा लावूनही नट आणि वायसर त्यांना सारखेच दिसायचे.

मिस्त्रींचा पुतण्या फैजान टपूनच होता. त्याला त्या जागेत मोबाइलच्या कव्हरचं दुकान टाकायचं होतं.

एका सकाळी आफ्रीन म्हणाली, "अब्बा, एक गाडी मी पार शून्यातून बनवते. लोकांनी डोळ्यानं बगितली तर मानतील."

मिस्त्री बराच वेळ चहात बटर बुडवत बसले. मग म्हणाले, "बनव बेटा. उन्हाळा सरेपर्यंत बगू. लोकांनी तुला मिस्त्री म्हणलं तर दुकान तुजं. न्हाई म्हणलं तर मग फैजानला देऊन टाकू. माज्यानं आता व्हत न्हाई."

म्हणजे बघा, मी नुसती गाडी नव्हते. त्या पोरीचं सगळं दुकान माझ्या चार चाकांवर उभं होतं.

माझं नाव आफ्रीननं मोबाइलवर बघून ठेवलं. दगडाधोंड्यांतून उड्या मारणाऱ्या उघड्या गाडीला बग्गी म्हणतात म्हणे. "बग्गी?" मिस्त्री हसले. "मग घोडा कुटं बांदायचा?" पण हौस दांडगी. नजर नव्हती तरी एक काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, ते म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं. व्हॅनचा पंप गेलेला होता. मिस्त्री म्हणाले, "पंप लागतोय कावून? फटफटीला कुटं असतो पंप? टाकी उंचावर ठिव, पेट्रोल आपल्या पायानं उतरतं." जन्मभर त्यांनी फटफट्याच दुरुस्त केलेल्या. पुढं इंजिनामुळं जागा नव्हती, म्हणून एका जुन्या फटफटीची टाकी माझ्या मागच्या बाजूला स्टँडवर बसवली. ती टाकी लक्षात ठेवा.

गावाबाहेरच्या माळावर मी पहिल्यांदा पळाले, तो दिवस मी विसरणार नाही. नाल्याच्या बांधावर एका दमात चढले आणि उतरले. आफ्रीनची ओढणी सुटली, केस सुटले आणि हसू तर असं सुटलं की आवरेना. मिस्त्रींना धड दिसत नव्हतं, पण माझा आवाज लांब जाऊन परत येतोय एवढ्यावरच ते टाळ्या वाजवत होते.

मग काय, चहाच्या टपरीवर मिस्त्रींच्या तोंडी एकच. "माज्या पोरीनं बग्गी बनवली."

ही बातमी आप्पांच्या कानावर गेली. आप्पा म्हणजे धारूरच्या डोंगरावरचे शेतकरी. त्यांच्या शिवशंकरचं लग्न ठरलं होतं, धर्मापुरीच्या वनमालाशी. लग्न मुलाकडं, मांडव डोंगराच्या पायथ्याला मारुतीपुढं, आणि घर मात्र वर. मधला चढ असा की बकरीनंही एकदा विचार करावा. आप्पांची बायको बायनाबाई चाळीस वर्षांपूर्वी नवरी म्हणून तो चढ अनवाणी चढली होती. तिनं निक्षून सांगितलं होतं, "माजी सून पायी येनार न्हाई. बग्गीतनं येईल." आणि एकही बग्गीवाला तयार होईना, कारण त्या दगडात घोड्याचा पाय मोडला असता.

आप्पा हातात नारळ घेऊन गॅरेजात आले. मी ताडपत्रीखाली झाकलेली होते.

"मिस्त्री, बग्गी चढंल का आमचा चढ?"

"चढंल की. दगडासाठीच बनवलीय."

"घोडे किती हायती?"

"पस्तीस," मिस्त्री छाती फुगवून म्हणाले. "पण जुने हायत, तीस धरा."

आप्पा जरा दचकले. "आमाला दोन पुरं झाले असते."

"आप्पा, दोन घोड्यांत तर पिठाची गिरणीबी फिरत न्हाई!"

आप्पांना वाटलं, मिस्त्री थट्टेखोर आहे. नारळ हातात ठेवून, शब्द घेऊन ते गेले. एकानंही ताडपत्री उचलायची तसदी घेतली नाही.

मला कागदपत्रं नाहीत, त्यामुळं डांबरी रस्ता मला वर्ज्य. लग्नाच्या दिवशी मी टेम्पोत बसून पायथ्याला गेले, सोबत आफ्रीन, मिस्त्री आणि गंमत बघायला फैजान. आप्पा झेंडूच्या माळा आणि जरीची छत्री घेऊन धावत आले, ताडपत्री ओढली आणि तिथंच थबकले.

"ही बग्गी? घोडा कुटंय?"

"आत हाय," आफ्रीननं इंजिनावर थाप मारली.

आप्पांनी वाकून आत डोकावून बघितलं, नुसतं लोखंड. मांडवात कुजबुज सुरू झाली. फैजाननं तर मोबाइल काढून शूटिंगच चालू केलं. आफ्रीनचा चेहरा पडला, पण आवाज पडला नाही. "आप्पा, घोडा चढत न्हाई म्हनून तर तुमी आमच्याकडं आलते. ही चढंल. तिला एकडाव बगा तर."

दुसरा इलाजही नव्हता. माळा मला घातल्या. जरीची छत्री एसटीच्या सीटवर बांधली, आणि बदामाला पाठ टेकून नवरा-नवरी बसले. आफ्रीननं चावी फिरवली, मी उसाच्या ट्रकचा भोंगा वाजवला, आणि वाजंत्री मागं निघाली. काय तो माझा थाट!

तो पाव चढच टिकला. बांध केवढासा, आणि हा डोंगर केवढा. मी एकदा ठसकले, दोनदा ठसकले आणि बंद पडले. वाजंत्री थांबली. कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या जातीनं बनवल्यावर दुसरं काय व्हनार?" खरं सांगते, मला तिथल्या तिथं परत भंगार व्हावंसं वाटलं.

आफ्रीननं पेट्रोलची नळी काढली. कोरडी. टाकी तर काठोकाठ भरलेली. मिस्त्री काठी टेकत चढून आले. त्यांनी माझ्या नाकावर हात ठेवला, मग चाचपत टाकीपर्यंत गेले, आणि हात खाली खाली जाताना त्यांच्या लक्षात आलं. चढावर माझं नाक वर गेलं होतं आणि टाकी खाली राहिली होती. पेट्रोल आपल्या पायानं उतरतं हे खरं, पण ते आपल्या पायानं चढत नाही.

"चूक माजी हाय," मिस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले. "पोरीची न्हाई. फटफटीच्या डोक्यानं चालायला गेलो मी."

आफ्रीननं हातातली कोरडी नळी टाकीच्या पातळीला धरून बघितली. मग तिचे डोळे लकाकले. "अब्बा, टाकी वर पायजे ना? मग हिला उलटी चढवते. रिव्हर्समदी!"

शिवशंकरची आत्या भिवराबाई पुढं झाली. "आगं बाई! नवरी घरात उलटी न्यायची? पाठ करून? असं कुटं असतंय व्हय!" म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. आप्पा एकदा आत्याकडं, एकदा चढाकडं बघत राहिले.

तेवढ्यात घुंगटातून आवाज आला. "मला चालंल." सकाळपासून वनमालाचं हे पहिलंच वाक्य.

आफ्रीननं ब्रेक धरत मला खाली घेतलं, मांडवापुढं फिरवलं आणि माझी पाठ डोंगराला लावली. मान मागं वळवून ती गाडी हाकू लागली. मिस्त्री आणि आप्पा दोन्ही बाजूंनी चाकामागं लावायला दगड घेऊन चालले. पेट्रोल झुळुझुळु उतरलं, आणि मी चढले. दगडावरून, कपारीवरून, गुरगुरत, धूर सोडत, एकदाही न थांबता. वाजंत्रीवाले आधी चुकले, मग त्यांनी असा ताल धरला की भिवराबाईंचे पायही थिरकले. हे मी स्वतः पाहिलं आहे, त्या नाही म्हणतील.

मी उलटी जात होते, म्हणून वनमालाचं तोंड खाली मांडवाकडं होतं, आणि घुंगट धक्क्यांनी कधीच मागं सरकला होता. तिथं तिची आई चतुराबाई उभी होती. सगळ्या चढभर दोघी एकमेकींकडं बघत होत्या. आईनं आधी डोळे पुसले, मग हात हलवला, आणि शेवटी शेवटी तर ती चक्क हसायला लागली, कारण लेक छत्री धरून धक्के खात वर वर चालली होती आणि हसतच होती. वळणाआड होईपर्यंत दोघींची नजर सुटली नाही.

वर बायनाबाई ओवाळायचं ताट आणि भाकरतुकडा घेऊन उभी. भिवराबाई धापा टाकत पोचली आणि तक्रार मांडली, "वहिनी, सून पाठ करून आली बगा!"

बायनाबाईनं माझ्याकडं बघितलं. सुनेकडं बघितलं. मग म्हणाली, "येऊ द्या. मी आलते तवा सासू म्हनली, मागं वळून बगू नगं. चाळीस वरसं झाली. त्या दिशी माज्या आईचं तोंड कसं झालतं, मला आजून ठावं न्हाई. हिला दिसलं. आनि काय पायजे?"

भिवराबाईनं डोळ्याला पदर लावला. मग बायनाबाईनं भाकरतुकडा ओवाळला. आधी सुनेवरून, नंतर माझ्यावरून. आणि आफ्रीनला हाक मारली, "ये मिस्त्री, साकर खा."

मिस्त्री! ख्वाजाभाईंनी सवयीनं "जी" म्हणून पाऊल टाकलं. मग कळलं की हाक आपल्याला नाही, लेकीला आहे. ते तिथंच उभे राहिले आणि रुमालानं चष्मा पुसत बसले.

फैजाननं हसं करायला घेतलेलं शूटिंग गावोगाव पोचलं. दुसऱ्या आठवड्यापासून लोक गॅरेज शोधत येऊ लागले, "ते उलट्या बग्गीवाले मिस्त्री कुटं बसतात?" आता तिथं 'आफ्रीन गॅरेज' अशी पाटी आहे. फैजानला कोपऱ्यातलं एक कपाट दिलंय, त्यात त्याची कव्हरं टांगलेली असतात. बरी खपतात म्हणे.

मला बायनाबाईनं वस्तीवरच ठेवून घेतलं. दिवाळीच्या सुमाराला मी सीताफळांच्या पाट्या खाली नेते, नाक पुढं करून. वर येते ती उलटी. लोक मला उलटी बग्गी म्हणतात. उलट्या काळजाची नव्हे, तेवढं ध्यानात असू द्या. आता मला हाकते वनमाला. आफ्रीननंच शिकवलं तिला. पंचमीला माहेरी जाऊन आली की माहेरची माणसं तिला पायथ्यापर्यंत पोचवायला येतात, तेव्हा ती मान मागं वळवायच्या आधी घटकाभर समोर त्यांच्याकडंच बघत राहते.

मागच्या सर्व्हिसिंगला आफ्रीननं नवा कोरा पंप आणला. "आता सरळ चढशील," मला म्हणाली. वनमालानं तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत डब्यात ठेवला. "ताई, ऱ्हाऊ द्या की."

माझंही तुम्हा सगळ्यांना तेवढंच सांगणं आहे. रंग लावा, चाकं बदला, हवं तर खरा घोडासुद्धा शेजारी आणून बांधा. तो पंप मात्र डब्यातच राहू द्या.