या महिन्याची पाच गाणी

शाळेच्या बसचा ड्रायव्हर डोकं मागे टाकून बसला होता, हनुवटीवर फेस होता आणि मामाचा डावा हात त्याच्या मानेखाली होता. गाणं सुरू झालं तशी शेजारच्या खुर्चीवरची कात्री थांबली. कानसेनने आरशातून मामाकडे बघत भुवई उडवली. काय म्हणतेय मान?

मामाने खांदे उडवले. मान कसली काय म्हणतेय! ड्रायव्हरच्या मानेत हाडं होती, थोडी चरबी होती आणि सकाळपासून गाडी चालवल्याचा ताठा होता. त्यापलीकडे मामाच्या हाताला काही लागत नव्हतं.

"कुणाचं हो हे गाणं?" ड्रायव्हरने विचारलं.

"बोलू नका, वस्तरा हातात आहे," मामा म्हणाला. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसाच उभा राहिला. गाणं त्याच्या सख्ख्या भाचीचं होतं, आणि शेजारी कात्री थांबवून उभा होता तो तिचा बाप.

दुकान दोन खुर्च्यांचं. एक कानसेनची, दुसरी मामाची. मामा म्हणजे कानसेनच्या बायकोचा धाकटा भाऊ. भाची लहान असताना शाळा सुटली की दुकानातल्या बाकावर अभ्यासाला बसायची आणि सारखी "मामा, मामा" करायची, तेव्हापासून गिऱ्हाइकंही त्याला मामाच म्हणायला लागली. त्यांत त्याच्या वडिलांच्या वयाचेसुद्धा होते. कानसेन हे नावही गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, ते पाटीवरच राहिलं.

कानसेनला नव्या गाण्यांचं वेड होतं. जुन्या नव्हे, नव्या. "जुनी गाणी काय, सगळ्यांनाच आवडतात," तो म्हणायचा. "त्यांना माझी गरज नाही. जे कालच जन्माला आलंय, ज्याला कुणी ओळखत नाही, त्याला दारातून आत घ्यायला कुणीतरी लागतं ना?" म्हणून महिनाभर तो कुठून कुठून नवीन आलेली गाणी हुडकून दुकानात लावायचा. कुणाचं, कुठलं, काही सांगायचा नाही. नुसतं लावायचा आणि गिऱ्हाइकाच्या मानेखाली हात ठेवून दाढी करायचा. ती त्याची परीक्षा.

"तोंडानं काय, माणूस छानच म्हणतो. छान म्हणायला काय जातं? पण मानेला खोटं बोलता येत नाही. गाणं आत गेलं की ती सुटते. माझ्या हातात वजन येतं."

अशा पुष्कळ माना सुटल्या आणि त्याचं स्वतःचंही मन भरलं, की ते गाणं पाचात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गेल्या महिन्यातली पाच गाणी भर दुकानात जाहीर करायचा आणि आरशाच्या वरच्या कोपऱ्यात ओल्या साबणाने लिहून ठेवायचा. त्या रविवारी बाकावर बसायला जागा मिळायची नाही. निवृत्त मोजणीदार तर डोक्यावर केस नसताना हजर असायचे. "आपलं कापायला काही नाही, ऐकायला आलोय," असं ते दरवेळी सांगायचे, आणि दरवेळी सगळे नव्याने हसायचे.

मामाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पंख्याची घरघर आणि गाणं यांत त्याला फारसा फरक वाटत नसे. पण भाऊजींचं त्याला अपार कौतुक होतं. एकदा एक बाई बाहेरगावाहून आल्या होत्या. दुकान पुरुषांचं, म्हणून दारातच थांबल्या आणि "आरसा बघायचाय," म्हणाल्या. त्यांचं गाणं त्या महिन्यात तिसऱ्या ओळीवर होतं. साबणाच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, पदराने डोळे टिपले आणि गेल्या. ही हकिगत मामा नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगायचा. जुन्यांनाही सांगायचा.

आणि आता भाचीचं गाणं आलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात नाव नोंदवून घ्यायच्या टेबलावर बसायची आणि उरलेल्या वेळात गायची. चाल तिचीच, साथीला दोन मैत्रिणी. पहिलंवहिलं गाणं. बाहेर पडलं त्या दिवशी तिने जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून बापाला ऐकवलं. मामाही पंगतीला होता. कानसेनने घास हातात धरून सगळं ऐकलं, "बरं," म्हणाला, आणि हात धुवायला उठला तो लवकर परत आला नाही.

"पाचात आलं ना, की बास," भाची हसत म्हणाली. "मग कुणी ऐको न ऐको."

हसत म्हणाली म्हणून काय झालं? ताटावर बसलेल्या सगळ्यांना समजायचं ते समजलं.

त्या आठवड्यातच एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कानसेन म्हणाला, "या महिन्यात तिच्या गाण्याला मान तू बघायचीस."

"मी? अहो भाऊजी, मला अंगाई आणि बँडबाजा यांतला फरक कळत नाही."

"म्हणूनच. माझा हात बापाचा झालाय. तिचं गाणं लावलं की मला सगळ्यांच्याच माना सुटल्यासारख्या वाटतात. काल तर पोस्टमनचीही वाटली. तो आधीपासून घोरत होता!"

"मग घाला की पाचात. आपलीच पोर आहे."

कानसेनने हातातली तुरटी खाली ठेवली. "आपली आहे म्हणूनच नाही. आज तिला उगाच घातलं तर आजवर ज्यांना घातलं त्यांचंही खोटं होईल. त्या दारात उभ्या राहिलेल्या बाईंना काय तोंड दाखवू? आणि पोरीला तरी काय मिळेल? बापाची दाद तिला पाळण्यात असल्यापासून आहे. तिला ती नकोय. तिला कानसेनची हवी आहे."

मामा शिकायला लागला. पहिले काही दिवस ड्रायव्हरसारखेच गेले. हाडं, चरबी आणि ताठा. मग एका दुपारी एक गवंडी दाढीला बसला, भाचीचं पहिलं कडवं सुरू झालं, आणि मामाच्या तळहातात एकदम काहीतरी जड येऊन विसावलं. गवंड्याचं डोकं होतं ते! मामा इतका हरखला की त्याने एकाच गालाला दोनदा फेस लावला. पुढे तसं पुष्कळदा झालं. माना सुटत होत्या. बँकेतल्या शिपायाची सुटली, कुणावर कधी विश्वास न ठेवणाऱ्या वकिलाची सुटली. भाची रस्त्यात भेटून "मामा, बाबा काही बोलले का– गाण्याबद्दल?" असं चाचरत विचारायची आणि मामा नुसता मिशीत हसायचा.

पण हात शिकला तो नको तेवढा शिकला. दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी भाचीचा आवाज वर चढत होता. नेमक्या त्या जागी, ओल्या फरशीवर पाय टाकताना माणूस सावध होतो ना, तशी हातातली मान सावध व्हायची. गवंड्याची झाली. शिपायाची झाली. वकिलाची तर अशी ताठली की मामाने वस्तरा वर उचलला. त्याने ते गाणं मुद्दाम वेगवेगळ्या वेळी लावून पाहिलं, पंखा बंद करून पाहिलं. जागा तीच.

जाहीर करायच्या आदल्या शनिवारी दुकान झाडताना कानसेनने विचारलं, "मग?"

एक शब्द पुरला असता. 'सुटतात' म्हटलं असतं तर काम झालं असतं, भाचीचं नाव आरशावर लागलं असतं, आणि या भोळ्या माणसाने मेहुण्याच्या हातावर डोळे झाकून विश्वास ठेवला असता. तोच तर घोळ होता. मामाने केरसुणी भिंतीला टेकवली.

"पहिल्या कडव्याला सुटतात. दुसऱ्याला ताठतात. ती वर चढते तिथं."

"तिथंच," कानसेन हळूच म्हणाला. "मलाही तिथंच खटकलं होतं. म्हटलं, पोटची म्हणून मी जरा जास्तच कडक होतोय." मग त्याने फडकं घेतलं आणि गेल्या महिन्याच्या पाच ओळी पुसून काढल्या. ओळी गेल्या तरी तो आरसा पुसतच राहिला.

रविवारी दुकान भरलं. भाची दारात उभी होती, बाहेरगावच्या बाई थांबल्या होत्या तिथेच. कानसेनने साबण पाण्यात बुडवला. पुढचा अर्धा तास तो जसा बोलला, तसं बोलताना मामाने त्याला कितीतरी वेळा ऐकलं होतं, आणि तरी मामा वस्तरा बंद करून ऐकत राहिला.

"पहिलं, दोन म्हाताऱ्या बहिणींचं. एकीचा आवाज फाटलाय, दुसरीला श्वास पुरत नाही. एक थांबते तिथून दुसरी उचलते. ऐका, आणि सांधा कुठे आहे तो मला दाखवा. दाखवणाऱ्याची दाढी फुकट."

दुसरं सकाळी लावू नका म्हणाला, कामावर जावंसं वाटणार नाही. तिसऱ्यात शब्दच नव्हते, नुसतं व्हायोलिन. त्यावर तो बोललाही नाही, सगळं लावलं आणि संपल्यावर ओळ लिहिली.

"चौथं कुठल्या भाषेतलं ते मला माहीत नाही. बाई कुणावर तरी रागावली आहे. आणि तिचं बरोबर आहे."

"कशावरून हो?" कुणीतरी विचारलं.

"ऐकून बघा. तुम्हीच माफी मागाल."

पाचवं एका ट्रकचालकाचं, गाडीतच बसून गायलेलं. मागे इंजिन घुरघुरत होतं. "ते इंजिन नको होतं असं म्हणू नका," कानसेन म्हणाला. "इतकी वर्षं तेच त्याच्या साथीला आहे." आणि त्याने पाचवी ओळ लिहून साबण खाली ठेवला.

मोजणीदारांनी घसा खाकरला. "अहो, आपल्या पोरीचंही गाणं आलंय म्हणे?"

बाकावरची डोकी दाराकडे वळली.

"आलंय," कानसेन म्हणाला. तो आरशाकडे तोंड करून उभा होता आणि आरशात दार दिसत होतं. "पहिलं कडवं पाचातलं आहे. दुसरं नाही. मी अर्धं गाणं लिहीत नाही."

आरशातल्या भाचीने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी ती मामाच्या खोलीवर आली. बसली नाही. "मान कुणी बघितली?"

"मी," मामा म्हणाला. शिव्या खायची त्याने तयारी ठेवली होती.

"बाबांनी नाही?"

"त्यांचा हातच चालेना. तुझं गाणं लागलं की सगळ्या माना सुटल्यासारख्या वाटायच्या त्यांना. झोपलेल्या पोस्टमनचीसुद्धा."

भाचीला हे ठाऊक नव्हतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग तिकडेच बघत म्हणाली, "कुठं ताठल्या?"

"वर चढतेस तिथं."

"तिथं मी घाबरले होते, मामा. पुन्हा पुन्हा घेतलं, जमेना. शेवटी म्हटलं जाऊ दे, कुणाच्या लक्षात येतंय." ती डोळे पुसता पुसता हसली. "बरी लोकांची मान धरून बसता तुम्ही दोघं!"

सोमवारी दुकान बंद. पाच गाण्यांच्या रविवारानंतरच्या सोमवारी मामा भाऊजींचे केस कापायचा, दाढी करायचा. ती जुनी रीत होती. शटर अर्धं खाली ओढलं होतं. केस झाले, दाढी झाली, मामाने गरम पाण्यात पिळलेला टॉवेल कानसेनच्या तोंडावर टाकला आणि खुर्ची मागे केली.

"ते लाव," टॉवेलखालून आवाज आला.

"कुठलं?"

"उगाच विचारू नको."

मामाने भाचीचं गाणं लावलं आणि डावा हात भाऊजींच्या मानेखाली घातला. पहिल्या कडव्याला मान सुटली, ती सुटणारच होती. मामा दुसऱ्या कडव्याची वाट बघत राहिला. ती जागा आली. भाचीचा आवाज घाबरत घाबरत वर चढला, आणि कानसेनची मान ताठली नाही. उलट होतं नव्हतं ते सगळं वजन तिने मामाच्या हातात टाकलं. इतकं वजन त्या महिन्यात एकाही मानेचं लागलं नव्हतं.

तेवढ्यात शटरखालून कुणीतरी वाकून आत आलं. भाची होती. दवाखान्यात जाता जाता बापाचा घरी विसरलेला चष्मा द्यायला आली होती, आणि बाहेरच तिने स्वतःचं गाणं ऐकलं होतं. ती काही बोलणार, तोच मामाने ओठांवर बोट ठेवलं. चष्मा तिच्या हातातून काढून घेतला, तिचा हात धरला, आणि आपला हात अलगद काढून घेत तिचा तळवा बापाच्या मानेखाली सरकवला.

हात बदललेला कानसेनला कळला नाही असं होणं शक्य नव्हतं. माणसाने सगळा जन्म माना आणि हात यांतच काढलेला. पण त्याने मान उचलली नाही. भाचीने दुसरा हातही खाली लावला.

गाणं संपलं. मामाने ते परत पहिल्यापासून लावलं.