सासऱ्यांच्या गाडीतला खुळखुळाट

जावयाचा धंदा गाड्यांमध्ये स्पीकर बसवण्याचा. सासऱ्यांच्या मते हा धंदा नव्हेच, थेरं. नळ-पाइपांचं चालतं दुकान हाताशी असताना हा पठ्ठ्या लोकांच्या गाड्यांत डोकं खुपसून आवाज ऐकत बसतो, हे काही त्यांच्या गळी उतरेना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला.

"माझ्या गाडीत बसवून दाखवा, जावईबापू. आवाज पटला तर पुन्हा शब्द काढणार नाही. नाही पटला, तर सोमवारपासून दुकानात."

जावयानं जीव ओतला. बारीक आवाज दारातल्या छोट्या स्पीकरला, जाडा डिकीतल्या मोठ्याला, आणि दोघांमधली हद्द, म्हणजे क्रॉसओव्हर, अशी आखली की भांडण नको. एकट्यानं ऐकून तो स्वतःवरच खूश झाला. मग सासरे शेजारी येऊन बसले, गाणं सुरू झालं, आणि जाडा ठेका पडला रे पडला की खुळखुळखुळ!

"हे काय?"

"दाराचा पत्रा असेल, बाबा. जरा उतरा."

सासरे उतरले, खुळखुळाट बंद. बसले, पुन्हा सुरू. जावयानं दाराचं अस्तर काढलं, डॅशबोर्ड उचकटला, सीट उपसली. सीटखालून वाळकं लिंबू आणि सासूबाईंचा हरवलेला कंगवा निघाला, खुळखुळाट काही निघेना. वजनाचा दोष असेल म्हणून त्यानं सासऱ्यांच्या जागी तेवढ्या वजनाचे पाइप रचून पाहिले. पाइप गुपचूप गाणं ऐकत बसले.

"दुकानातला माल बघा कसा शिस्तीत वागतो," सासरे म्हणाले.

मग त्यांना पुन्हा बसवून त्यानं गाणं बंद केलं आणि एकच जाडा सूर लावून ठेवला. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. सासऱ्यांनी कप तोंडाला लावला, खुळखुळाट थांबला. कप खाली ठेवला, सुरू झाला. जावई कान देत देत पुढे वाकला तो थेट सासऱ्यांच्या हनुवटीपर्यंत पोचला. वर पाहतो तर खिडकीबाहेर, नवऱ्याच्या पाठीमागे, सासूबाई दोन्ही हात जोडून उभ्या. त्यांनी आपल्या दातांवर बोट टेकवलं आणि 'बोलू नका' म्हणून जोरजोरात मान हलवली.

कवळी! 'या वयातही सगळे दात शाबूत' असं प्रत्येक जेवणात ऐकवणाऱ्या माणसाची कवळी!

जावयाचीच दातखीळ बसली. खरं बोलावं तर सासऱ्यांची अब्रू जाते, गप्प बसावं तर आपला धंदा जातो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यानं निमूटपणे हद्द वर सरकवली आणि डिकीतल्या मोठ्या स्पीकरचं तोंडच बंद केलं. खुळखुळाट गेला, पण त्याबरोबर गाण्यातला जीवही गेला. डबा बडवल्यासारखं काहीतरी वाजू लागलं.

"आधी कसं छातीत वाजत होतं," सासरे म्हणाले. "आता अगदीच पाणचट. चुकलं कुठे?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"माझंच चुकलं, बाबा," जावई म्हणाला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. "जमलं नाही मला. येतो सोमवारी."

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. तिनं घाईघाईनं आभाळाकडे पाहिलं. तेव्हा त्यांनी खिडकीची काच वर केली, पाठ फिरवली, खिशातून रुमाल काढला आणि काहीतरी खटकन त्यात गुंडाळून खिशात टाकलं.

"हं. पहिल्याशारखं लावा."

जावयानं हद्द पूर्ववत केली. ठेका पडला. सीट थरथरली, आरसा हलला, सासऱ्यांचे गाल लपलपले, आणि कुठे म्हणजे कुठे खुळखुळाट नाही. गाणं संपेपर्यंत ते मांडीवर ताल धरून बसले होते.

"शोमवारी दुकानात येऊ नका, बापू," ते म्हणाले. "तुम्हाला तुमचं काम येतं. आणि तुम्हाला कवळीचं कळलंय, हे हिला कशं शांगायचं, ते मी बघतो. तिला वाटतं, तुम्हाला काही कळलं नाही."