पलीकडच्या काठावरची घंटा

मित्रांनो, जर्मनीतल्या वेझर नदीच्या काठावर वाळुंजाच्या झाडांआड टांगलेली मी एक जुनी घंटा आहे. चर्चची मोठी घंटा ओतून थोडे कासे उरले होते, त्यातून मी घडले.

समोरच्या काठावर दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथल्या हेनिंग नावाड्याला हाक मारणे हे माझे काम. पायी आलेल्याने एक टोला द्यायचा, सायकलवाल्याने दोन. दोन टोले ऐकले की हेनिंग सायकल चढवायला फळी घेऊन येई. मी वाजले की त्याची बायको गेशे ओरडायची, "ऊठ रे, माझी सवत बोलावतेय तुला!" तिचे हसू पाण्यावरून माझ्यापर्यंत यायचे.

पुढे शहरातली माणसे इथे चालायला, सायकल फिरवायला येऊ लागली. वाडीची शांतता त्यांना फार आवडे. जाता जाता ती गमतीने माझी दोरी ओढत, फोटो काढत आणि निघून जात. सत्तरी ओलांडलेला हेनिंग वल्ही मारत येई, तर काठावर कुणीच नसे.

परतल्यावर शेजारीण वीबके चिडवी, "काय म्हातारबुवा, आज पुन्हा वारा भरून आणलात?"

"हो, तुझी चूल पेटवायला!"

पण तो थकला होता. शेवटी त्याने ठरवले, एका टोल्याला उठायचे नाही. खरेच यायचे असेल तर माणूस पुन्हा वाजवेल.

गेशे एकदा माझ्या काठावरच्या गावी बहिणीकडे गेली होती. संध्याकाळी परतणार होती, पण छातीत कळ आली म्हणून दुपारीच निघाली. तिने कशीबशी माझी दोरी ओढली. एकच टोला.

"येईल हं आता," ती मला म्हणाली आणि खांबाला टेकून बसली.

पलीकडून हेनिंगचा आवाज आला, "असेल कुणी टवाळ. पुन्हा वाजली तर बघू."

दोरी पुन्हा ओढण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. आणि मित्रांनो, घंटेला आपणहून वाजता येत नाही.

उन्हे कलल्यावर तो तिला न्यायला आला. दोरीचे टोक तिच्या मुठीतच होते.

आता हेनिंग माझ्या प्रत्येक टोल्याला येतो. वाऱ्याने वाजले तरी येतो. रिकामा काठ पाहतो, खांबावर हात ठेवतो आणि परत जातो. वीबके त्याला आता चिडवत नाही.

मित्रांनो, आमच्या काठी फिरायला जरूर या. पण माझी दोरी ओढलीत, तर नाव येईपर्यंत थांबा. ती काठाला लागली की एवढेच म्हणा, "आम्ही आहोत, हेनिंगबाबा."