चोवीस कॉम्प्युटर, तीन वाजेपर्यंत

अहती केम्पाइनेनवर माझा राग होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासाठी कोणी सबबी शोधत बसायला नको. अहती आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी, हिल्का, तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला होता. निवड समितीवर अहती होता. त्याने लिहिलं, हिल्काला काम येतं, पण पोरं चुकायला लागली की ती थांबवत नाही, बघत बसते. वर कॉफीच्या खोलीत येऊन मला तोंडावर सांगितलं. म्हणाला, "पाठीमागे बोलणं मला जमत नाही." मोठा हरिश्चंद्रच लागून गेला होता.

सप्टेंबरात तो कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याची मुलगी औती सतरा वर्षांची. आठव्या वर्षापासून तिचे स्नायू झिजत चालले होते. पाय गेले, हात गेले, आता श्वासाची पाळी होती. परदेशातलं एक विद्यापीठ तसल्या आजारांवरच्या आकडेमोडीचे बारीक तुकडे पाडून इंटरनेटवरून जगभर वाटत होतं. आपला कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा त्याने तुकडा सोडवायचा आणि पुरा झाला की परत पाठवायचा. अहतीला वरच्या वर्गातले चोवीस कॉम्प्युटर हवे होते.

"परवानगी लेखी दे," तो म्हणाला. "उगाच चोरून नको."

त्या वर्गाला मी कुलूप घातलं होतं. दाराला नव्हे, कॉम्प्युटरांना. बंद करून चालू केला, की प्रत्येक कॉम्प्युटर ऑगस्टात शाळा उघडली तेव्हा होता तसाच उभा राहायचा. मधलं सगळं साफ. पोरांनी भरलेले खेळ, शिव्या, नको ती चित्रं, सगळं. अहतीचा प्रोग्रॅम मी कुलपाच्या आत बसवला, त्यामुळे तो रोज सकाळी हजर असायचा, पण कोरा. एक तुकडा सोडवायला तीस तास लागत होते. आणि मी परवानगीवर लिहिलं, "वेळ आठ ते तीन. तीननंतर सर्व कॉम्प्युटर बंद करणे." नगरपालिकेचा वीज वाचवायचा नियमच होता तसा.

सही करताना मला सगळं कळत होतं. आठवडाभरात एकही तुकडा का जात नाही हे हा विचारायला येईल, मी सावकाश कॉफी ओतून घेईन आणि मग सांगेन. एवढीच माझी हौस होती. पण तो आलाच नाही.

आमच्याकडे तालकोत असतं. कोणाचं छप्पर घालायचं असो की तळ्यावरचा धक्का दुरुस्त करायचा असो, सगळ्यांनी जायचं, जमेल तेवढं फुकट राबायचं, शेवटी मटारचं सूप प्यायचं आणि घरी यायचं. तू किती केलंस हे कोणी कोणाला विचारत नाही, आणि स्वतःचं मोजणारा तर डोळ्यांतूनच उतरतो. तुझी अर्धी राहिलेली फळी पुढचा माणूस पुरी करतो. अहतीने हे कामही तसंच समजून घेतलं. तीन वाजता स्क्रीनवर तेवीस टक्के दिसले की त्याला वाटायचं, आपले तेवीस टक्के ढिगात पडले, उरलेले दुसरा कोणी करेल. विद्यापीठाच्या पानावर कोणी किती तुकडे पाठवले याची यादी असते. ती त्याने कधी उघडलीच नाही. लाज वाटत असणार. पण त्या विद्यापीठाचं सूप निराळं होतं. तिथे अर्ध्या तुकड्याला किंमत शून्य.

रोज पावणेआठला तो वर जायचा आणि चोवीस बटणं एकेक करून दाबायचा. तीनला पुन्हा चोवीस. एकदा विसरला असता, फक्त एक रात्र ते कॉम्प्युटर तसेच चालू राहिले असते, तरी चोवीस तुकडे पुरे होऊन गेले असते. पण अहती विसरणाऱ्यांतला नव्हता. मी लिहून दिलं होतं ना, तीननंतर बंद.

नोव्हेंबरात औतीला औलू शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र जोडावं लागेल. ती नाही म्हणाली. आठवडाभर नाहीच म्हणत होती. मग एका सकाळी अहती कॉफीच्या खोलीत आला तो उजळलेल्या चेहऱ्याने.

"तयार झाली," तो म्हणाला. "अट घातलीय. म्हणाली, तुझे ते कॉम्प्युटर माझ्या आजारावर काम करताहेत तोवर मी नळी सहन करीन. ते थांबले की मीही थांबणार, आणि फेब्रुवारीत मी अठराची होतेय, मग तू मला अडवू शकणार नाहीस."

"आणि तू काय म्हणालास?" संगीत शिकवणाऱ्या बाईने विचारलं.

"कबूल म्हणालो. शब्द दिला."

सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मीही ठेवला. मग खाली माझ्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. गंमत कधीच संपली होती, आणि ती मोडायची म्हणजे मी ती केली हे सांगायचं. महिना मी तसाच काढला. मला लाज वाटत होती, पण लाजेने माणूस सुधारतोच असं नाही. मी त्याला जिन्यात टाळायला लागले, एवढंच.

जानेवारीत मात्र मी बसले. कोणालाही न सांगता कुलूप काढून टाकायचं, काम पाच मिनिटांचं. पासवर्ड अर्धा टाइप केला होता, तेवढ्यात अहती दारात उभा.

"हिल्का, ती शिकवायची जागा परत निघालीय. तू अर्ज केलायस."

"केलाय."

"मी पुन्हा तेच लिहिलंय. म्हटलं, दुसऱ्याकडून कळायला नको."

"बरं," मी म्हटलं.

"राग नको मानू."

"छे. राग कसला?"

तो गेला. मी पासवर्ड पुसला आणि जेवायला गेले. त्या दिवशी कोबीची भाजी होती, मी दोनदा वाढून घेतली.

मार्चमध्ये अहती औतीला शाळेत घेऊन आला. तिला कॉम्प्युटर बघायचे होते. चाकाची खुर्ची, पाठीला श्वासाचं यंत्र, गळ्यात नळी. यंत्राने हवा भरली की चार शब्द, मग थांबायचं, मग पुढचे चार. तीनला पाच कमी होते. चोवीस स्क्रीनवर आकडे हलत होते आणि अहती तिला घरात पाहुणा फिरवावा तसा ओळींमधून फिरवत होता.

"हा खिडकीजवळचा सगळ्यात आळशी," तो म्हणाला. "सिर्प्पाचा भाऊ शोभेल." सिर्प्पा आमचे मुख्याध्यापक. औती हसली. नळीतून फुसकन हवा सुटली.

मग ती माझ्याकडे वळली. "हिल्का, आपण आतापर्यंत... किती पाठवले?"

मी जवळच्या स्क्रीनवरचे आकडे बघायला लागले.

"सांग की," अहती म्हणाला. "ती बढाई मारायला विचारत नाहीये. तिला नुसतं ठाऊक असू दे."

खोटं बोलता आलं असतं. दोनशे म्हणाले असते तर दोघंही सुखाने घरी गेले असते, आणि त्याच संध्याकाळी मी कुलूप काढलं असतं. पण यादी इंटरनेटवर उघडी होती, आणि आज ना उद्या औती ती उघडून बघणारच. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, सहा महिने जे सांगायची मला खाज होती, ते ओठांवर आलं होतं.

"एकही नाही," मी म्हटलं.

अहती हसला. "अगं, ती गंभीरपणे विचारतेय."

"मीही गंभीरपणे सांगतेय. बंद केले की कॉम्प्युटर सगळं विसरतात. रोज सकाळी पहिल्यापासून. तुकडा पुरा झाल्याशिवाय जात नाही, आणि एकही पुरा झालेला नाही."

"तुला कधी कळलं?" अहतीने विचारलं.

"सही करताना."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पहिल्या कॉम्प्युटरजवळ गेला आणि बटण दाबलं. मग दुसरा. तीन वाजले होते.

"बाबा," औती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कित्येक महिने अवघडलेल्या माणसाला कोणीतरी 'बस आता' म्हणावं, तसा तिचा चेहरा सैल झाला होता. "ते काम करताहेत तोवर... असं ठरलं होतं."

"औती, मी उद्याच हिला कुलूप काढायला लावतो. उद्यापासून..."

"ठरलं होतं तोवर." यंत्राने हवा भरली. "त्यांनी एक दिवसही... केलं नाही. म्हणजे मी आता... थांबू शकते ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला खोटं बोलायची गरज होती आणि त्याला ते येत नव्हतं. मला येत होतं, पण मी बघत उभी राहिले.

"हो," अहती म्हणाला. "शब्द दिलाय मी."

मग त्याने उरलेले बावीस कॉम्प्युटर बंद केले.