भिंतीकडची मांडणी

कपाच्या कारखान्यात कान लावणाऱ्या बायकांचं एक लांबच लांब टेबल होतं, आणि त्या टेबलाच्या डोक्याशी थोरली बसायची. डाव्या हातात साच्यातून काढलेला मातीचा ओला कान, उजव्या हातात कप. सुईनं दोन्हीकडे चार बारीक ओरखडे, बोटाच्या टोकावर पातळ कालवलेली माती, आणि मग एक दाब. दाब कसा, तर झोपलेल्या लेकराच्या गालावरचा केस बाजूला करावा तसा. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. प्रत्येक बाई आपल्या कपाच्या बुडाशी आपली खूण कोरी. थोरलीची खूण होती एक छोटी कोर. भट्टीतून निघालेल्या ढिगात कोर असलेला फुटका कप सापडला, तर मुकादम तो इतरांना दाखवायला आणायचा, इतकं ते अप्रूप.

आणि धाकटी? धाकटी म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको. दोन वर्षांपूर्वी दीर परांचीवरून पडला, कंबरेतून गेला, आणि भाड्याची खोली सोडून ते बिऱ्हाड नाल्यापलीकडच्या वस्तीत पत्र्याखाली गेलं. तेव्हापासून थोरली दर महिन्याला एक पिशवी भरून ठेवी. मुलींचे आखूड झालेले कपडे, थोडं धान्य, साबणाची वडी. धाकटी यायची, दाराशीच उभी राहायची, पिशवी घ्यायची. घेताना तिची मान जराशी वाकायची.

ती वाकलेली मान थोरलीला फार आवडायची. हे तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

म्हातारे मालक गेले आणि त्यांची लेक कारखाना बघू लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना अंगणात जमवलं.

"बाबा दर थंडीत वस्तीत कांबळी वाटायचे," ती म्हणाली. "मी लहानपणापासून बघत आले. पुढच्या थंडीत तीच माणसं, तीच रांग. मला ती रांगच मोडायचीय. यापुढे निम्म्या नव्या जागा वस्तीतल्या बायकांना. शाळेचा दाखला मागायचा नाही, कुणाची ओळख लागणार नाही. सहा महिने पूर्ण पगारावर शिकायचं. मग एक भट्टी त्यांच्या हातची. शंभरात पाचापेक्षा जास्त कप तडकले नाहीत, तर कायम, आणि नफ्यात तुमच्याइतकाच वाटा."

मुकादमानं नाक मुरडलं. "बाई, वस्तीतले हात म्हणजे…"

"म्हणजे काय? पाच बोटांचेच ना?"

बायका खुसखुसल्या. थोरलीही हसली. त्याच संध्याकाळी ती नाल्यापलीकडे गेली आणि धाकटीला म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर चल. मी शिकवते." आजवर दिलेल्या सगळ्या पिशव्यांहून मोठी पिशवी दिल्यासारखं तिला वाटलं. परतताना पावलं कशी हलकी पडत होती.

आता इथेच गोष्ट थांबली असती तर किती बरं झालं असतं. पण धाकटीला हात होता.

पहिल्या महिन्यात तिचे कान वाकडे बसले, दुसऱ्यात सरळ बसू लागले, आणि तिसऱ्यात टेबलाच्या त्या टोकाला बायका वाकून बघू लागल्या. थोरलीला जे यायला तीन वर्षं लागली, ते या पोरीला तीन महिन्यांत. वर गळाही गोड. काम करता करता आपलंच काहीतरी जुळवून म्हणायची:

"मातीचं माझं बाळ, त्याला लाविते मी कान,
सांगते कानात गं, ठेव घराचा माझ्या मान."

"अगो बाई, आमच्या कपांना कुणी गाणी म्हटली नाहीत, म्हणून मेले रुसून तडकतात!" टेबलावरची सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, आणि सगळं टेबल खदखदलं. एकोणीस वर्षांत थोरलीच्या बाजूनं असं हसू कधी उठलं नव्हतं. लोक तिचा मान ठेवायचे, पण तिच्याभोवती गोळा व्हायचे नाहीत. तिनं हातातला कान दाबला, आणि तो चपटा झाला.

पाचव्या महिन्यात थोरलीनं नेहमीसारखी पिशवी भरली. धाकटी आली, पण दाराशी थांबली नाही. आत येऊन खुर्चीत बसली, चहा घेतला, आणि जाताना पिशवीकडे पाहून म्हणाली, "जाऊबाई, या वेळी राहू द्या. पोरीला नवा फ्रॉक घेतला. आणि आम्ही पक्क्या भिंतींची खोली बघतोय. तुमच्याच गल्लीत, मागच्या बाजूला. मी कायम झाले की घरमालक देतो म्हणालाय."

"आमच्या गल्लीत?"

"तुम्ही जवळ असलात तर आधार."

"हो, हो. चांगलंच की," थोरली म्हणाली.

दार लावल्यावर मात्र तिचा जीव थाऱ्यावर राहीना. पिशवी भिंतीशी तशीच. नवऱ्यानं विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?"

"कुठे काय. भावजयीचं तुमच्या फार चाललंय. नवा फ्रॉक म्हणे."

"मग बरंच आहे की. माझ्या भावाची पोर आहे ती."

"मी कुठे वाईट म्हणतेय?"

"तू म्हणत नाहीस," तो हसून म्हणाला, "तुझ्या भुवया म्हणतायत."

भुवयांचं सोडा, तिच्या छातीत काहीतरी करपत होतं. परक्याचं भलं झालं असतं तर तिनं आनंदानं पाहिलं असतं. मालकीणबाईच्या मोटारीचाही तिला कधी हेवा वाटला नव्हता. पण हिचं? जिला आपण उभं केलं, ती आता आपल्या शेजारी उभी राहणार, आपल्याच गल्लीत, आपल्याइतकाच वाटा घेऊन. मग आपण कोण?

परीक्षेच्या भट्टीचा आठवडा आला. वस्तीतल्या सहा नव्या बायका, एकेकीचे दोनशे कप. कान लावलेले कप फळ्यांवर ठेवून मांडणीत दोन दिवस सुकवायचे, मगच भट्टीत जायचे. मांडण्या कमी पडल्या. कुणी कुठली घ्यायची, हे थोरलीनं ठरवायचं होतं.

भट्टीला लागून असलेल्या भिंतीजवळ एक जुनी मांडणी होती. तिचा स्वभाव फक्त थोरलीला ठाऊक. ती भिंत आतून तापते, त्यामुळे कपाची भिंतीकडची बाजू आधी सुकते आणि खोलीकडची ओलीच राहते. कान आणि कप सारखे सुकले नाहीत की त्यांचं पटत नाही. वरून काही दिसत नाही, पण भट्टीत कानाच्या मुळाशी तडा जातो. म्हणून तिथल्या फळ्या दर दोन तासांनी फिरवायच्या. एवढं साधं. बाकीच्या मांडण्यांना असलं काही लागत नाही, त्यामुळे कुणाला माहीतही नव्हतं.

"तू ही घे," थोरली धाकटीला म्हणाली. "ऐसपैस आहे."

"बरं, जाऊबाई. आणखी काही बघायचं?"

थोरलीच्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात टेबलाकडून कुणीतरी हाक मारली, "अगं गाणेवाली, ये की इकडे!" आणि धाकटी वळून हसली.

"नाही," थोरली म्हणाली. "एवढंच."

दोन दिवस ती त्या मांडणीवरून येत-जात राहिली. फळ्यांवर ओळीनं कप बसले होते, प्रत्येकाच्या बुडाशी धाकटीची खूण, एक ठिपका. दर वेळी तिचा हात फळीकडे जाई. दर वेळी ती तो पदरात लपवी. विचारलं असतं तर सांगितलं असतं, ती स्वतःला म्हणे. पण धाकटीनं विचारलं होतंच.

भट्टी उघडली. पाच जणींचे कप निभावले. धाकटीच्या दोनशेंत त्रेसष्ट कपांच्या कानांशी केसासारखा काळा तडा.

मुकादमानं एक कप उचलला, कान धरला, आणि कप खाली पडला. कान हातातच राहिला.

"मी म्हटलं होतं, बाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. "ही तर सगळ्यांत हुशार म्हणवत होती. बाकीच्या पाच नशिबानं निभावल्या. पुढच्या खेपेला वस्तीतली भरती थांबवूया, एवढंच सांगणं आहे."

मालकीणबाईनं दुसरा कप उचलून कानाशी गेलेला तडा पाहिला. मग तिनं विचारलं, "शिकवण्यात काही राहिलं होतं का?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही, बाई. जाऊबाईंनी काहीच कमी केलं नाही. पोटच्या पोरीला शिकवावं तसं शिकवलं. माझाच हात उणा."

थोरलीला वाटलं होतं, आता थंड वाटेल. जरासं वाटलंही. संध्याकाळी धाकटी घरी आली, दाराशीच उभी राहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "जाऊबाई, ती पिशवी अजून आहे का?"

पिशवी होतीच. थोरलीनं दिली. धाकटीची मान वाकली, पूर्वीपेक्षा खोल. महिनाभर जिची वाट पाहिली ती हीच मान. आणि थोरलीला ती बघवेना. त्या मानेवर भट्टीच्या राखेचा एक पट्टा होता; दिवसभर त्रेसष्ट फुटके कप एकटीनं वाहून टाकले होते तिनं.

"चहा घेतेस?" थोरलीनं विचारलं.

"नको. उशीर होतोय. त्या खोलीवाल्याला नाही म्हणून सांगायचंय."

सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत थोरली मालकीणबाईच्या खोलीत उभी होती. बसली नाही.

"भिंतीकडच्या मांडणीच्या फळ्या फिरवाव्या लागतात," ती म्हणाली. "मला माहीत होतं. तिनं विचारलं, मी सांगितलं नाही."

"विसरलात?"

आयतं दार उघडलं होतं. त्यातून निघून गेली असती तर कुणाला कळलं नसतं.

"नाही. सांगायचं नव्हतं."

मालकीणबाईनं समोरची वही मिटली. "मला वाटलं होतं, मुकादमासारखी माणसं ही योजना बुडवतील. तुमच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं, बाई."

मुकादमाला बोलावून सांगण्यात आलं. धाकटीला दुसरी भट्टी मिळाली, वस्तीतली भरती चालू राहिली, आणि टेबलाच्या डोक्याशी बसायचा मान थोरलीकडून वर्षभरासाठी गेला. ती कुठेही मोकळी जागा बघून बसायची. टेबलावर आठवडाभर गाणं झालं नाही. बायका तिच्याशी कामापुरतं बोलायच्या, आणि म्हातारी तेवढंही नाही.

दुसऱ्या भट्टीत धाकटीचे चार कप तडकले. दोनशेंत चार. ती कायम झाली.

त्या दिवशी दुपारी हात धुवायच्या नळावर दोघी समोरासमोर आल्या. इतके दिवस धाकटीनं वाट बदलली होती. आज बदलली नाही.

"का केलंत?" तिनं विचारलं. पुढे जाऊबाई म्हणाली नाही.

थोरलीनं नखातली माती काढली. नळ चालूच होता. "तू गरीब होतीस तोवर मला तुझी माया वाटायची," ती म्हणाली. "तू बरोबरीची व्हायला लागलीस, आणि मला सोसवेना."

"आणि आता सोसवतं?"

खोटं बोलायची सवय मोडली होती बहुतेक. "नाही," थोरली म्हणाली. "आजही नाही. सकाळी तुझं नाव पुकारलं तेव्हा पोटात कळ आली."

धाकटीनं नळ बंद केला. मग तिच्या तोंडून हसू फुटलं, रागातून फुटावं तसं, अर्धं हसू आणि अर्धा हुंदका. "देवा! असं कुणी तोंडावर सांगतं होय?"

"तूच विचारलंस."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"मी तुमच्या गल्लीत राहायला येणार आहे."

"ये."

"आणि पिशवी नको भरू."

'भरू नका' नव्हे, 'नको भरू'. बरोबरीच्या बाईशी बोलावं तसं, चुकून की मुद्दाम कोण जाणे. थोरलीनं ते ऐकलं, गिळलं, आणि पदराला हात पुसले.

जेवणाची सुटी संपली. टेबलावर एकच जागा मोकळी होती, धाकटीच्या उजव्या हाताला. थोरली घुटमळली.

"बसा," धाकटी मान वर न करता म्हणाली. "लांबून बघितलं की जास्त टोचतं."

थोरली बसली. मधल्या वाडग्यातली पातळ माती दोघींत एकच होती. तिनं कप घेतला, सुईनं ओरखडे काढले, कान टेकवला. शेजारी धाकटीनंही टेकवला. दोघींचे कप एकाच फळीवर एकमेकांना खेटून बसले. थोरलीनं तिरक्या नजरेनं पाहिलं. धाकटीचा कान तिच्या कानाहून केसभर सरळ होता.

तिनं आपला काढला, मुळाला पुन्हा पातळ माती लावली, आणि पुन्हा लावायला घेतला.